मोकळे दोन दिवस आणि दहा ते अकराचा तास

"मॅडम, मंगळवार आणि गुरुवार पूर्ण मोकळे!"

तुकड्या निवडायची मुदत चार दिवसांवर आली होती आणि माझी एक विद्यार्थिनी हे वाक्य बोलतच माझ्या टेबलाशी पोचली. हातात चौकटीचा कागद. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचे रकाने सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत भरलेले, आणि मधल्या दोन कोऱ्या रकान्यांवर पिवळा हायलायटर ओढलेला. तासांना रंग देणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. कोऱ्या जागेला रंग देणारी ही पहिलीच.

मी दुसऱ्या वर्षाची मार्गदर्शक शिक्षक आहे. सत्राच्या तोंडावर असे कागद बरेच येतात. दोन तास एकमेकांवर आदळत नाहीत ना, एवढं पाहून मी ते परत करते. या कागदावर काही आदळत नव्हतं, बेरीजही बरोबर होती. तरी मी तो ठेवून घेतला. आधीच्या सत्रातही तिचं वेळापत्रक असंच तीन दिवसांचं होतं, आणि त्या सत्रात ती गणितात जेमतेम काठावर सुटली होती. पुढे जे झालं ते तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, वार आणि तास मात्र जसेच्या तसे आहेत.

कागदावर काय होतं

पाच विषय, आठवड्याला १९ तास. त्यातली व्याख्यानं १४ तासांची, प्रात्यक्षिकं ५ तासांची. निवडीला वाव होता तो असा:

गणित, ४ तास. तुकडी अ: सोम आणि बुध, ८ ते १०. तुकडी ब: सोम, मंगळ, गुरु, शुक्र, ९ ते १०.
संख्याशास्त्र, ३ तास. अ: बुधवारी २ ते ५, सलग. ब: मंगळ आणि गुरु, ११ ते १२.३०.
भौतिकशास्त्र, ३ तास. एकच तुकडी: सोम, बुध, शुक्र, ११ ते १२.
भौतिकची लॅब, ३ तास. सोम, मंगळ किंवा गुरु, २ ते ५.
प्रोग्रॅमिंग, २ तास. अ: शुक्रवारी ८ ते १०. ब: मंगळ आणि गुरु, २ ते ३.
प्रोग्रॅमिंगची लॅब, २ तास. बुध किंवा शुक्र, १२.३० ते २.३०.
लेखन, २ तास. गुरु किंवा शुक्र, ३ ते ५.

नुसते गुणाकार केले तर ९६ वेळापत्रकं होतात. मग टकरी काढायच्या. गणिताची ब तुकडी आणि प्रोग्रॅमिंगची अ शुक्रवारी ९ वाजता एकमेकींवर येतात. प्रोग्रॅमिंगची ब घेतली की मंगळवारची लॅब जाते आणि गुरुवारचीही. बुधवारची प्रोग्रॅमिंग लॅब संख्याशास्त्राच्या अ तुकडीला अर्धा तास खाते. गुरुवारची भौतिक लॅब आणि गुरुवारचं लेखन एकत्र बसत नाही. एवढ्या चार टकरींनी ९६ चे २७ होतात. या २७ मध्ये मंगळवार आणि गुरुवार दोन्ही मोकळे राहतील असं वेळापत्रक फक्त एक आहे, आणि ते तिने हातानेच शोधलं होतं. दोन रात्री लागल्या म्हणाली.

(अख्ख्या कॉलेजचं वेळापत्रक बसवणं ही वेगळीच गोष्ट. शिक्षक, खोल्या, तुकड्या सगळं सांभाळायचं असतं. इव्हन, इताई आणि शमीर या तिघा संगणकशास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवून दिलं की हा प्रश्न त्या कुप्रसिद्ध वर्गातला आहे, ज्यासाठी सगळ्या प्रसंगी चालेल अशी झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. वेळापत्रक लावणाऱ्या कारकुनाला शिव्या देण्याआधी हे आठवावं. विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात ते ९६ पर्याय, एका संध्याकाळी हाताने तपासता येतील इतके.)

तिचं म्हणणं पोरकट नव्हतं. कॉलेजला यायला पाऊण तास, जायला पाऊण तास. पाच दिवसांऐवजी तीन दिवस आलं तर आठवड्याला तीन तास वाचतात. शिवाय मोकळ्या दिवशी "सलग बसून" अभ्यास होतो. शनिवारी ती सहा तास एके ठिकाणी काम करते, त्यामुळे शनिवार गेलेलाच असतो. मग अभ्यासाला दोन पूर्ण दिवस हवेतच, असं तिचं गणित.

मी एवढंच विचारलं, "मागच्या सत्रातल्या मंगळवारी काय काय झालं?"

मागच्या सत्रातले मोकळे दिवस

असं विचारलं की मुलं "अभ्यास केला" म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. आठवत तसंच असतं. म्हणून आठवणीवर न जाता आम्ही तिच्या फोनमधून आणि स्वाध्याय चढवायच्या पोर्टलवरून चार आठवडे पुन्हा उभे केले. पोर्टल वेळेची नोंद ठेवतं, त्याला दया नसते. गणिताचे ११ स्वाध्याय होते. बुधवारी मिळायचे, रविवारी रात्री बारापर्यंत द्यायचे. त्यातले ८ रात्री दहानंतर चढले होते आणि एक उशिरा. आठवड्याचा स्वतःचा अभ्यास बेरीज करून साधारण ११ तास निघाला, आणि त्यातला बराचसा शनिवारी रात्री किंवा रविवारी झालेला होता. मोकळे ठेवलेले मंगळवार-गुरुवार या बेरजेत फारसे दिसतच नव्हते.

ती स्वतःच चकित झाली. मग एक गुरुवार आठवून सांगितला. साडेनऊला उठली. घरी आहे म्हणून घरातली दोन कामं तिच्याकडे आली. दिवस मोकळा आहे हे तिला जसं माहीत होतं तसं घरातल्या सगळ्यांनाही माहीत होतं. साडेबाराला वही उघडली.

ती वही तिने दुसऱ्या दिवशी आणून दाखवली. बुधवारी ८ ते १० गणित झालं होतं, मर्यादेची व्याख्या आणि त्यावरची उदाहरणं. पहिल्या तासाचं पान सुवाच्य. सव्वानऊच्या पुढे अक्षर उजवीकडे कलत गेलेलं. दुसऱ्या उदाहरणात तिसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर एकदम उडी, मध्ये एक बाण, बाणावर अवतरणचिन्हांत लिहिलेलं: "उघड आहे". आणि समासात पेन्सिलने: का??

गुरुवारी दुपारी ती या बाणाकडे पन्नास मिनिटं बघत बसली होती. बुधवारी दहा वाजता, वर्ग सुटताना, हा प्रश्न पाच मिनिटांचा होता. शिक्षक अजून फळा पुसत होते, शेजारच्या मुलीला ती पायरी कळली होती, आणि तिच्या स्वतःच्या डोक्यात आधीच्या तीन ओळी ताज्या होत्या. सव्वीस तासांनी यातलं काहीच हाताशी नव्हतं. पन्नास मिनिटांनंतर तिने वही मिटली आणि "रविवारी शांतपणे बघू" म्हणाली. तेव्हाचे तिचे शब्द हेच.

त्या बुधवारी दहा ते अकरा तिला मोकळा तास होता. भौतिकचं व्याख्यान अकराला. मग तो तास गेला कुठे? कँटीनमध्ये. "ऑफ तास असला की सगळे तिकडेच जातात, मॅडम."

वेळ होता, पण कुठे होता

मग मी तिला आठवड्याचे १६८ तास मांडायला लावले, कारण "वेळच पुरत नाही" हे पालुपद आधी निकालात काढायला हवं होतं. झोप रोज ८ तास धरून ५६. या वयाला ७ ते ९ तास सांगितले जातात, आणि झोपेतून तास उसने घ्यायला माझी परवानगी नसते. आंघोळ, जेवण, घरकाम रोज ३ तास धरून २१. वर्ग १९. पाच दिवसांचा प्रवास साडेसात. शनिवारचं काम ६. एकूण १०९.५. उरले ५८.५.

क्रेडिट पद्धतीत एका तासाच्या व्याख्यानामागे दोन तासांचा स्वतःचा अभ्यास धरायचा जुना प्रघात आहे. त्या हिशोबाने १४ व्याख्यानांमागे २८ तास आणि लॅबच्या जर्नलसाठी ५ धरले तरी ३३. म्हणजे पाच दिवस कॉलेजला येऊनही साडेपंचवीस तास शिल्लक. प्रवासाचे तीन तास वाचवण्यासाठी ती ज्या किमती देत होती त्या बघता तो सौदा महागात पडत होता.

किंमत कसली? हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये छापले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो, हे त्यातलं प्रसिद्ध निरीक्षण. मला त्यातलं दुसरं एक जास्त कामाचं वाटतं. बारा अक्षरसमूहांच्या यादीच्या एका बैठकीतल्या ६८ आवर्तनांनी जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही साधलं. गणिताचं प्रमेय म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, त्यामुळे ते आकडे उचलून इथे चिकटवता येत नाहीत. पण विभागून केलेला अभ्यास कमी वेळात तेवढंच देतो, हे त्यानंतर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आता तिच्या दोन तुकड्या बघा. अ: सोम आणि बुध, दोन-दोन तास, मग चार दिवस गणिताचं तोंड नाही. ब: तेच चार तास, चार वारी. शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच. तरी ब तुकडी जन्मतःच विभागलेली आहे, आणि त्यासाठी तिला स्वतःहून काही करावं लागत नाही.

हे मी समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "पण मग रोज गॅप पडणार." तिच्या आवाजात खरी काळजी होती. ब तुकडी घेतली की गणित ९ ते १० आणि पुढचा वर्ग अकराला, चारही वारी. आठवड्यात चार ऑफ तास.

मी म्हणाले, "अगं, मला ते चार तासच हवे आहेत."

एक खुंटी ठोकली

वेळापत्रक आखताना सर्वांत आधी काय ठेवायचं, यावर लोकांची मतं ठाम असतात. कुणी लॅब आधी ठेवतं, कारण ती सर्वांत लांब. कुणी सकाळचे आठ टाळण्यापासून सुरुवात करतं. माझी सवय अशी: ज्याला पर्यायच नाही ते आधी लिहायचं (इथे भौतिकची व्याख्यानं), आणि मग जो विषय सर्वांत जास्त घाबरवतो त्याची तुकडी ठरवायची. बाकीचे त्याच्याभोवती बसतात.

तसं केलं आणि गंमत झाली. गणिताची ब तुकडी घेतली की प्रोग्रॅमिंगची अ आपोआप गेली, ब आली. प्रोग्रॅमिंगची ब आली की मंगळ-गुरुच्या लॅब गेल्या, सोमवार उरला. एका निर्णयाने २७ पर्यायांचे ६ झाले. दोन रात्री तिने ज्या कागदाशी झुंज दिली होती तो दहा मिनिटांत सुटत आला.

संख्याशास्त्राची बुधवारची सलग तीन तासांची तुकडी तिनेच काट मारून टाकली. मागच्या सत्रात एक विषय असा सलग घेतला होता, तिसऱ्या तासाच्या नोंदी वहीत जवळजवळ नव्हत्याच. उरले चार पर्याय. प्रोग्रॅमिंगची लॅब बुधवारी घ्यायची ठरली. मंगळवारी व्याख्यानात ऐकलेलं दुसऱ्याच दिवशी मशीनवर चालवता येतं.

शेवटचा वाद लेखनावर झाला. मी म्हणत होते शुक्रवारी घे. गुरुवारी गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग असे साडेतीन तास झाल्यावर पुन्हा तीन ते पाच लेखन म्हणजे डोकं पिळून निघेल. ती ऐकेना. गुरुवारी घेतलं तर शुक्रवारी बारालाच सुटका होते, हा तिचा मुद्दा. मला वाटलं, पुन्हा तेच, मोकळ्या दिवसाचा मोह. पण वेळापत्रक तिचं होतं. ठरलं ते असं:

सोम: गणित ९–१०, भौतिक ११–१२, भौतिक लॅब २–५.
मंगळ: गणित ९–१०, संख्याशास्त्र ११–१२.३०, प्रोग्रॅमिंग २–३.
बुध: भौतिक ११–१२, प्रोग्रॅमिंग लॅब १२.३०–२.३०.
गुरु: गणित ९–१०, संख्याशास्त्र ११–१२.३०, प्रोग्रॅमिंग २–३, लेखन ३–५.
शुक्र: गणित ९–१०, भौतिक ११–१२.

बेरीज पुन्हा १९.

मोकळ्या चौकटी भरताना

वर्ग बसले की लोक वेळापत्रक झालं असं समजतात. तिच्याबाबतीत खरं काम इथून पुढे होतं, कारण मागच्या सत्रातही दहा ते अकराचा तास होता आणि तो कँटीनने गिळला होता. नुसता गॅप असून भागत नाही. दहा वाजता उभ्या उभ्या "आता काय करू" असा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं असतं. म्हणून चौकटीत "अभ्यास" लिहायला मी मनाई केली. तिथे जागा आणि काम लिहायचं. तिने लिहिलं: वाचनालय, खिडकीकडचं टेबल. आधी वही बंद ठेवून कोऱ्या कागदावर आज काय शिकवलं ते दहा मिनिटं. मग वही उघडून ताडून बघणं. मग दोन उदाहरणं. १०.५० ला बंद.

वही बंद ठेवायची अट तिला विचित्र वाटली. पुन्हा वाचून काढलं तर जास्त होईल ना? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर नेमकं हे तपासलं होतं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा ते ४२ वर आले आणि लिहून काढणारे ५६ वर. वाचताना "येतंय की" असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. मी हे आकडे तिच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिले. मुलांना कारण कळलं तर ती अट जास्त दिवस पाळतात, असा माझा अनुभव.

आता तास किती धरायचे? प्रघात ३३ म्हणतो. तिचा मागचा खरा आकडा ११. मी १८ वर थांबायला सांगितलं. चार दिवस दहाचा एकेक तास, म्हणजे ४. मंगळवारी वर्ग सुटल्यावर लॅबचं जर्नल, दीड. बुधवारी सकाळी घरी भौतिक, दीड. बुधवारी लॅबनंतर ३ ते ५ संख्याशास्त्र, २. मंगळ आणि बुधच्या रात्री दीड-दीड, ३. शुक्रवारी दुपारी ३. रविवारी ३. झाले १८. ती नाराज झाली. ३३ ची चौकट भरायचा उत्साह तिच्यात होता, तो मीच मोडला. पण अंदाज बांधण्यात आपण सगळेच कच्चे असतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३४ दिवस. लागले ५५. सगळं वाईटात वाईट घडलं तर, असं धरून दिलेला अंदाजसुद्धा ४९ दिवसांचाच होता. म्हणजे सर्वात काळजीपूर्वक आखणारा माणूसही आशावादीच असतो. ११ वरून एकदम ३३ लिहिणारा कागद दुसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातो.

शुक्रवारच्या तीन तासांना काहीच नाव दिलं नाही. तिथे आठवड्यात जे राहून गेलं ते. काही राहिलं नाही तर सुट्टी. आम्ही त्याला "भरपाई" म्हणू लागलो. लेखन गुरुवारी घ्यायचा तिचा हट्ट नसता तर ही दुपार मिळालीच नसती, हे मला चौकटी भरताना लक्षात आलं. तसं तिला सांगितलंही. चेहऱ्यावर फार काही दाखवलं नाही तिने, पण वहीत "भरपाई" भोवती चौकट जाड केली.

सत्र चालू झाल्यावर

पहिले दोन आठवडे ठीक. तिसऱ्यात मोडतोड.

सोमवारी सुट्टी आली, लॅब बुडाली आणि भरून काढायला शुक्रवारी दुपारी २ ला लावली. भरपाई गेली. त्याच आठवड्यात चाचणी. मंगळवारी रात्रीची दीड तासाची चौकट तोवर एकदाही पाळली गेली नव्हती, कारण मंगळवारी प्रवास करून, जर्नल लिहून घरी पोचल्यावर तिच्यात त्राणच नसायचं. ती लाल पेनने फुल्या मारलेला कागद घेऊन आली. "मॅडम, हे पण नाही जमलं."

कागद बघितला तर जमलं नाही असं काही दिसेना. दहाच्या अकरा तासांपैकी नऊ पाळले होते. फुल्या दोनच ठिकाणी दाटल्या होत्या: मंगळवारची रात्र आणि बुधवारची सकाळ. बुधवार हा आठवड्यातला एकमेव दिवस जेव्हा तिला नऊला पोचायचं नसतं. त्या सकाळी भौतिक वाचायला मी तिला बसवलं होतं! आठवड्यात एकदा शरीर झोप वसूल करणारच. ही चूक माझी. ती चौकट आम्ही पुसली आणि तिथे लिहिलं, झोप. मंगळवारची रात्रही काढून टाकली. भौतिकला सोमवारी आणि शुक्रवारी व्याख्यान संपल्यावर लगेच १२ ते १ दिलं, गणितासारखंच, वही बंद ठेवून. १८ मधून तीन गेले, दोन आले, १७ राहिले.

यानंतर वेळापत्रक तसंच सत्रभर टिकलं, असं लिहायला आवडलं असतं. परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत ते पार विस्कटलं, कुणाचं विस्कटत नाही? पण दहाचा तास टिकला. कँटीनचा प्रश्न तिने माझ्या सल्ल्याशिवाय सोडवला: मैत्रिणींना "येतेच दहा मिनिटांत" म्हणण्याऐवजी "अकराला भेटते" म्हणायला लागली. पुढे त्यांच्यातल्याच दोघी खिडकीकडच्या टेबलावर येऊ लागल्या. त्यातली एक फार बोलते, ही तक्रार सत्र संपेपर्यंत चालू होती.

सत्राअखेरीस पुन्हा पोर्टल उघडलं. गणिताचे १२ स्वाध्याय, त्यातले ९ मुदतीच्या किमान एक दिवस आधी चढलेले. गणितात ती आता काठावर नाही, वर्गाच्या मधोमध आहे. भौतिकचे गुण जवळपास तेवढेच राहिले, आणि याचं श्रेय-अपश्रेय वेळापत्रकाला देणं मला पटत नाही. लेखनात मात्र घसरली. गुरुवारी तीन वाजता ती थकलेली असायची, हे माझं भाकीत खरं ठरलं. दोन निबंध उशिरा गेले. आणि ते दोन्ही अखेर शुक्रवारच्या दुपारी लिहून झाले, म्हणजे तिचंही खरं ठरलं. यावर आमचं आजही एकमत नाही.

प्रवासाचे ते तीन तास परत मिळाले नाहीत. जाताना गाडीत ती काही वाचत नाही, गाणी ऐकते. त्यातही काही "उपयोगी" घालायचा मोह मला झाला होता. नाही घातलं.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाचे विषय तेच, तुकड्यांच्या वेळाही त्याच. परवा एक मुलगा कागद घेऊन आला: सोम, बुध, शुक्र गच्च, मंगळ आणि गुरु कोरे. मी तोंड उघडणार इतक्यात त्याने सांगितलं की मंगळवारी आणि गुरुवारी तो दिवसभर नोकरी करतो, घर त्यावर चालतं. त्याच्यासाठी २७ मधलं ते एकच वेळापत्रक शक्य आहे. कागद छान नीटनेटका होता. विचारलं, कुणी काढून दिलं? त्याने तिचं नाव सांगितलं. सोमवारी आणि बुधवारी, गणिताचे ८ ते १० संपून भौतिकचे ११ व्हायच्या मध्ये, एक चौकट उरली होती. तिच्याभोवती तिच्या अक्षरात पेन्सिलने गोल आणि खाली बारीक ओळ: वाचनालय, खिडकीकडचं टेबल, वही बंद.